आधी पेन, मग पान

मंडळी, विषय दिलाय ‘हायड्रोपोनिक्समध्ये पानांचा रंग का बदलतो’, म्हणजे मातीऐवजी खत मिसळलेल्या पाण्यात रोपं वाढवताना. मी लेट्यूस धरून बोलणार आहे. गच्चीवर पाइप बसवले की पहिल्यांदा सगळे लेट्यूसच लावतात. घरात कुणी खात नसलं तरी.

पान पिवळं दिसलं की आपला हात खताच्या बाटलीकडे जातो. तो आधी पीएचच्या पेनाकडे, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणाऱ्या पेनासारख्या यंत्राकडे, जायला हवा, आणि त्या पेनावरही लगेच विश्वास ठेवायचा नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

त्याआधी फोटोंबद्दल. जांभळ्या एलईडीखाली काढलेले फोटो ग्रुपवर टाकून ‘काय झालंय?’ असं कृपा करून विचारू नका. त्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं आणि पिवळं गुलाबी. दिवे बंद करा, मागे पांढरा कागद धरा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. आणि सबंध रोपाचा काढा. एकाच पानाचा फोटो म्हणजे स्थळ बघताना नुसत्या नाकाचा फोटो पाठवणं. हसू नका, बहुतेक फोटो तसेच असतात. मुळांचा तर कुणीच पाठवत नाही.

आता पेन. त्याच्या टोकाचा काचेचा बल्ब सुकला की आकडा भरकटतो. लोक तो स्वच्छ पुसून कोरडा ठेवतात. काही जण जास्त काळजी म्हणून आरओच्या पाण्यात बुडवून ठेवतात; ते तर आणखी वाईट, कारण आतले क्षार हळूहळू बाहेर निघून जातात. टोपीत पेन साठवण्याच्या द्रावणाचे, म्हणजे ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे, चार थेंब हवेत. आठवड्यातून एकदा आधी ७.०० च्या आणि मग ४.०१ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या तयार द्रावणात, जुळवून घ्या. वापरलेला बफर परत बाटलीत ओतू नका. ते काही विरजण नव्हे, पुढच्या वेळेला राखून ठेवायला.

एवढा आग्रह कशासाठी? समजा पेन ६.० दाखवतंय आणि पाणी खरं ७.२ आहे. ईडीटीए या रसायनाने विरघळतं ठेवलेलं लोह साधारण ६.५ पीएचच्या वर टिकत नाही. टाकीत लोह आहे, पण रोपाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा मात्र हिरव्या राहतात. आपण म्हणतो खत कमी पडलं, आणि ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, १.४ वरून २.४ वर नेतो. मग पानांच्या कडा करपतात. होता एक आजार, झाले दोन. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी पीएच वर ओढणाऱ्या बायकार्बोनेटने भरलेलं. सकाळी ६ वर आणलेला पीएच पाणी भरत गेलं की पुन्हा ७ कडे सरकतो. फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला, पंप १५ मिनिटं फिरू द्या, मग मोजा. आम्ल पाण्यात घालायचं, आम्लात पाणी नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, आणि ज्यासाठी तुम्ही आलात ते तर राहिलंच. तर भराभर.

खालची, जुनी पानं सरसकट पिवळी: नत्र (नायट्रोजन) कमी. जुन्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा: मॅग्नेशियम, १०० लिटरला २० ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), म्हणजे सुमारे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) मॅग्नेशियम. जुन्या पानांच्या कडा करपल्या आणि ईसी जास्त नाही: पालाश (पोटॅशियम). ही तिन्ही द्रव्यं रोप जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून खालून सुरुवात होते. लोह तसं हलत नाही, म्हणून कोवळ्या पानात दिसतं. पीएच ५.८ ते ६.२ वर आणूनही सुधारलं नाही, तर डीटीपीए या दुसऱ्या रसायनातलं लोह, ११ टक्केवालं, १०० लिटरला १.८ ग्रॅम, म्हणजे २ पीपीएम.

आतल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी झाली तर कॅल्शियमची बाटली उघडण्याआधी पंखा लावा. दमट, कोंदट हवेत पान पाणी उडवत नाही आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटची तीव्र द्रावणं एकत्र केलीत तर तळाला जिप्समचा गाळ बसेल. खताचे ए आणि बी असे दोन कॅन वेगळे असतात ते याचसाठी.

आणि सगळंच रोप फिकट, दुपारी मान टाकतंय, तर मुळं उचलून बघा. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर खताचा प्रश्नच नाही. बहुधा टाकीचं पाणी २५ अंशांच्या वर गेलंय. टाकी सावलीत घ्या, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे एअरस्टोन वाढवा.

उपाय केल्यावर जुन्या पानाकडे बघत बसू नका, ते बहुधा हिरवं होत नाही. आठवड्याभरात येणारं नवं पान बघा. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. पेन आणलं असेल तर बफर माझ्याकडे आहे.