पोरं बघत असतात

संध्याकाळचे सात वाजलेत, म्हात्रे पुलाजवळचा हा ढोल-ताशांचा आवाज ऐकताय ना, पुण्यात पावसाळा लागला की नदीपात्रातल्या शेडमधनं हा सुरू होतो तो थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. मधे उभा आहे तो, कमरेला ढोल, बोटांना चिकटपट्टी, त्याला पथकात सगळे नुसतं दादा म्हणतात. नवीन पोरांना तोच शिकवतो. हात भारी आहे त्याचा, पण आपण आलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तीन वर्षांपूर्वी प्रॅक्टिस संपली की दादा शेडमागं जाऊन तंबाखू मळायचा. पोरांसमोर कधीच नाही, त्याला वाटायचं आपण काळजी घेतोय. एक दिवस तिथंच त्याला पाणी वाटणारा नऊ-दहा वर्षांचा पोरगा दिसला, तळहातावर बडीशेप, अंगठ्यानं मळतोय, वरनं दोन टाळ्या, मग चिमूट खालच्या ओठात. मान तिरकी करायची सवयसुद्धा दादाचीच. दादा सांगतो, "ओरडणार होतो त्याला, पण तोंड उघडता येईना, माझ्याच तोंडात तंबाखू होती."

सुटायला वर्ष गेलं, मधे दोनदा परत लागली पण. आता रात्री दहाला घरी निघतो तेव्हा हेल्मेट घालून निघतो, घर दोन गल्ल्या सोडून आहे तरी. इथंच तर जायचंय म्हणून हेल्मेट हँडलला अडकवून जाणारे आपण सगळेच आहोत, पण गेटवर पोरं उभी असतात ना.

पॉझिटिव्ह राहा असं जो तो सांगतो, म्हणजे नेमकं करायचं काय ते मला दगडूशेठ गणपतीसमोर उभं राहून कळलं. समोरच भिडे वाड्याची जागा. 1848 साली सावित्रीबाई इथं मुलींना शिकवायला यायच्या, वय 17, आणि वाटेत लोक शेण, चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या, शाळेत पोचलं की बदलायचं आणि शिकवायला लागायचं. म्हणजे घरातनं निघतानाच माहितीये की आजपण अंगावर शेण पडणार, तरी निघायचं, आणि मुलींसमोर चिडून नाही, नीटनेटकं उभं राहायचं. अंगावर काटा येतो हो.

मागच्या वर्षी ऐन मिरवणुकीत, लक्ष्मी रोडवर, दादाच्या ढोलाचं पान, म्हणजे ज्यावर वाजवतात तो पडदा, फाटलं. दोन महिन्यांची मेहनत, आणि अलका चौक अजून लांब. मी शेजारीच होतो, डोळे भरले होते त्याचे, खोटं कशाला सांगू. त्यानं ढोल उतरवला, पाण्याचा कॅन उचलला आणि रांगेतल्या एकेकाला पाणी पाजत शेवटपर्यंत चालत गेला, नवीन पोरं चुकली की समोर जाऊन हातानं ताल देत.

सुरुवातीला दाखवलं ते आधीचं शूटिंग, आणि हे आजचं. खडकवासल्यातनं पाणी सोडणार असा मेसेज आलाय, म्हणजे भिडे पूल बुडणार, नदीपात्रातला रस्ता बंद, सगळे ढोल वर न्यायला लागणार. पाऊस पडतोय, पोरांची तोंडं उतरलीत. दादा अजून ट्रॅफिकमध्ये अडकलाय.

तो बडीशेपवाला पोरगा बघा, आता बारा-तेरा वर्षांचा झालाय. ताडपत्रीचं एक टोक धरून ओरडतोय, "चला रे, आधी ताशे उचला, भिजले तर उद्या वाजवणार काय!"