डोंगरमाथ्यावरून ओढलेली रेघ

नमस्कार मंडळी. आजचं गाव आहे सँ-व्हेराँ. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या सरहद्दीला खेटून केरास नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. त्यातलं हे जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं गाव. उंची २०४० मीटर. तिथले लोक सांगतात की आमच्याकडे कोंबडे दाण्यांऐवजी चांदण्या टिपतात. हसलात, बरं वाटलं. कारण पुढे कर, कागदपत्रं आणि तह येणार आहेत.

मला सांगायचं आहे ते एवढंच. डोंगर माणसांना वेगळं करतो, डोंगराची धार ही निसर्गानेच आखलेली सीमा असते, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं. नकाशावर तपकिरी पट्टा दिसला की त्याच्या अल्याड एक देश आणि पल्याड दुसरा. ह्या शिकवणुकीचा मला मनापासून राग आहे. डोंगरात राहणाऱ्यांनी ती सीमा कधी मागितली नव्हती. ती खाली, सपाटीवर बसलेल्यांनी आखली. सँ-व्हेराँचा इतिहास पाहिला की हे फार स्वच्छ दिसतं.

आधी गाव डोळ्यांसमोर आणू. एग ब्लांश नावाच्या ओढ्याच्या वर, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ते पसरलेलं आहे. उन्हाचा एकही कवडसा वाया जाऊ द्यायचा नाही, हे इथल्या घरबांधणीचं मूळ सूत्र. खालचा मजला जाड दगडी भिंतींचा. हिवाळाभर माणसं आणि जनावरं तिथेच एकत्र राहायची, कारण गाईगुरांची ऊब हेच निम्मं सरपण. विसावं शतक बरंच पुढे सरकेपर्यंत ही रीत टिकून होती. वरचे मजले लाकडाचे. लार्च ह्या सूचिपर्णी झाडाचे आडवे ओंडके कोपऱ्यांवर एकमेकांत अडकवून रचलेले, आत गवत आणि धान्य. आणि दर्शनी बाजूला लाकडी सज्जे.

ते सज्जे मौजेसाठी नाहीत हं! इथलं मुख्य पीक राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पेरायचं आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस कापायचं. म्हणजे पीक वर्षाहून जास्त काळ जमिनीत. पहिलं उभं असतानाच पुढचं पेरायची वेळ येते, म्हणून त्यासाठी दुसरं रान लागतं. शिवाय बर्फ आधी आला तर दाणा पुरता पिकायच्या आतच कापणी. मग पेंढ्या ह्या सज्ज्यांत उन्हाला लावून ठेवायच्या. शेतात राहिलेलं पिकणं घरच्या सज्ज्यात पुरं करून घ्यायचं. डोंगरातला माणूस हवामानाशी असा वाटाघाट करत जगतो.

आता एवढं लाकूड, एवढं गवत म्हटल्यावर आगीची धास्ती आलीच. म्हणून गाव सलग बांधलेलं नाही. वाड्या पाडल्यात आणि दोन वाड्यांच्या मध्ये मोकळी जागा राखली आहे, आग लागलीच तर एका वाडीवर थांबावी म्हणून. दर वाडीला स्वतःची भट्टी, स्वतःचा क्रूस आणि स्वतःचा पाणवठा. पाणवठ्याची डोणी लार्चचं खोड कोरून केलेली. जमीन इतकी मोलाची असताना मधली जागा पिढ्यानपिढ्या मोकळी ठेवायची, तर लोकांना एकत्र बसून ठरवायची सवय हवी. ही सवय लक्षात ठेवा, तिच्याकडेच येतोय.

जाता जाता गावाच्या नावाचं सांगतो, नाहीतर नंतर कोणीतरी विचारेलच. संत व्हेराँ हे सहाव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या कॅव्हायाँचे बिशप होते. दंतकथा अशी की त्यांनी प्रोव्हान्समधल्या एका अजस्र ड्रॅगनला घायाळ केलं, तो आल्प्सकडे उडाला, वाटेत त्याचं रक्त ठिबकलं, आणि जिथे जिथे थेंब पडले तिथे तिथे मेंढपाळांचे मुक्काम झाले. उन्हाळ्यात खालच्या मुलखातले कळप ह्याच डोंगरांत चरायला येत. ड्रॅगन बाजूला ठेवा. कळपांची वाट खरी आहे.

आता माझ्या सर्वांत आवडत्या वस्तूकडे वळतो. केरासमध्ये व्हिल-व्हिएय नावाचं गाव आहे. तिथे एक लाकडी कपाट आहे आणि त्याला आठ कुलपं आहेत. एका कपाटाला आठ! कारभाराच्या हिशेबाने केरासमध्ये सात गावं होती: आब्रिएस, एग्वीय, आर्व्हिए, शातो-केरास, मोलीन, रिस्तोलास आणि आपलं सँ-व्हेराँ. दर गावच्या निवडून दिलेल्या कारभाऱ्याकडे एक किल्ली, आठवी चिटणिसाकडे. सगळे जमल्याशिवाय कपाट उघडणार नाही. एखादा रुसला, आजारी पडला, बर्फात अडकला, तर बाकीच्या सातांनी हात चोळत बसायचं.

आत काय होतं? सोनंनाणं नव्हे, कागद. सनदा, हिशेब, कराच्या वाटणीचे दस्त. ह्या लोकांचं स्वातंत्र्य त्या कागदांत होतं, कारण ते त्यांनी रोख पैसे मोजून विकत घेतलेलं होतं. १३४३ साली केरास ज्यात येतं त्या दोफिने प्रांताचा अधिपती आँबेर दुसरा (त्याची पदवी दोफाँ) पैशांच्या तंगीत होता. ब्रियाँसाँ शहराच्या परिसरातल्या, केरास धरून, सुमारे पन्नास गावांनी त्याच्याशी सौदा केला. एकरकमी १२,००० फ्लोरिन, शिवाय दरसाल ४,००० डुकाट. बदल्यात सरंजामी वेठीतून सुटका, सभा भरवण्याचा हक्क, आपले कारभारी आपण निवडण्याचा हक्क, आणि करातला कोणाचा वाटा किती हे आपसांत ठरवण्याचा हक्क. लढाई नाही, बंड नाही. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी धन्याची नड ओळखली आणि वर्गणी काढली. सहाच वर्षांनी, १३४९ मध्ये, आँबेरने अख्खा प्रांतच फ्रान्सच्या राजघराण्याच्या हवाली केला. पण सनद टिकली. पुढच्या राजांनी ती मान्य केली आणि ती १७८९ च्या क्रांतीपर्यंत चालली. जवळजवळ साडेचारशे वर्षं! हा इतिहास एखाद्या राजधानीचा असता तर शाळेत पाठ करून घेतला असता. खेड्यांचा आहे, म्हणून कोणाला माहीत नाही.

ज्यांना कागद सांभाळायचे त्यांना वाचता आलंच पाहिजे. म्हणून ह्या भागात साक्षरता भरपूर होती, इतकी की मास्तर बाहेर जात. शरद ऋतूत शेतीची कामं आटोपली की इथले लोक खालच्या मुलखातल्या जत्रांत उभे राहायचे, टोपीत पिसं खोचून. एक पीस म्हणजे वाचायला शिकवीन. दोन म्हणजे वाचन आणि हिशेब. तीन पिसं म्हणजे लॅटिनसुद्धा. हिवाळाभर शिकवायचं आणि वसंतात परत येऊन नांगर धरायचा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे खरा मुद्दा आता धावत मांडावा लागणार.

पन्नासएक गावांचा हा संघ पाच गटांत विभागलेला होता. एकेका गटाला एस्कार्ताँ म्हणत. ब्रियाँसाँ आणि केरास हे दोन डोंगरधारेच्या आजच्या फ्रेंच बाजूला. उल्क्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फिनो हे तीन आजच्या इटालियन बाजूला. धार बरोबर मधून जात होती आणि कोणाचंही काही अडत नव्हतं. बोली एकाच ऑक्सितानची, सनद एकच, बाजार सामाईक. उलट केरासला अडसर होता तो खाली! गील नदी जिथून बाहेर पडते ती घळ इतकी अरुंद की नीट रस्ता व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. वरच्या खिंडी त्यापेक्षा सोप्या. मिठाच्या व्यापारासाठी तर १४७९-८० मध्ये पल्याडच्या सालुझ्झोच्या मार्क्विसने, म्हणजे तिथल्या अधिपतीने, व्हिजो शिखराजवळ जवळजवळ २,९०० मीटर उंचीवर पाऊणशे मीटर लांबीचा बोगदा खोदवला. तो आजही आहे. डोंगर जर निसर्गाची भिंत होता, तर हातोडी-छिन्नीने हे भोक पाडायचा खटाटोप कशाला?

मग १७१३. उत्रेख्तचा तह. फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि शेजारच्या साव्हॉय राज्याचा ड्यूक ह्यांच्यात ठरलं की ज्या बाजूला पाणी उतरतं त्या बाजूची जमीन त्या त्या राज्याची. तीन एस्कार्ताँ साव्हॉयला गेले, मोबदल्यात बार्सेलोनेतचं खोरं फ्रान्सला मिळालं. गावांना कोणी विचारलं नाही. आधी १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांची धर्ममोकळीक रद्द झाली तेव्हा केरासमधून कितीतरी कुटुंबं परागंदा झाली होती. आता उरलेल्यांचे शेजारी परके झाले. १७८९ मध्ये विशेषाधिकार रद्द करताना सरदारांच्या हक्कांबरोबर ह्या शेतकऱ्यांची विकत घेतलेली सनदही गेली. दुसऱ्या महायुद्धात त्याच धारेवर दोन देशांच्या तोफा एकमेकांवर रोखलेल्या होत्या, आणि आब्रिएस व रिस्तोलास बेचिराख झाली.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की पाणी वाटून देणारी धार ही निसर्गाचीच सीमा, त्यांनी १९४७ चा पॅरिसचा तह बघावा. शाबेर्ताँ शिखरावर इटलीचा तोफखाना होता, म्हणून ते शिखर फ्रान्सने घेतलं. व्हाले एत्रुआत नावाचं एक खोरंही त्याच तहात घेतलं. त्या खोऱ्याचं पाणी उतरतं इटलीतल्या बार्दोनेकियाकडे. तरी ते आज फ्रान्समध्ये आहे. १७१३ ला पाण्याचा नियम सोयीचा होता म्हणून लावला. १९४७ ला गैरसोयीचा झाला, तर सोडून दिला.

नकाशा इथे टेबलावर मांडून ठेवतो, केरास आणि कास्तेलदेल्फिनो शेजारी शेजारी दिसतील असा. प्रश्न असतील तर विचारा.