जॉर्ज वॉशिंग्टन आणि सहा महिन्यांचा हिशोब

नमस्कार मंडळी. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वातंत्र्याबद्दल काय बोलले, ते पुष्कळांनी सांगितलंय. मला आज त्यांच्या घरात काय चालायचं ते सांगायचंय.

१७९० मध्ये राजधानी फिलाडेल्फियाला आली. त्या राज्यात, म्हणजे पेनसिल्व्हेनियात, १७८० पासून एक कायदा होता. बाहेरून आणलेला गुलाम तिथे सहा महिने राहिला, तर तो सुटका मागू शकायचा. मग वॉशिंग्टन काय करायचे? सहा महिने भरत आले की आपल्या घरातल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवायचे, आणि काही दिवसांनी परत आणायचे. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! एप्रिल १७९१ मध्ये त्यांनी आपले सचिव टोबायस लिअर यांना लिहिलं, की हे अशा निमित्ताने करा की त्या माणसांनाही संशय येऊ नये आणि जनतेलाही.

आता याच माणसाची दुसरी बाजू, आणि तीही खरी आहे. स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर त्यांनी डिसेंबर १७८३ मध्ये सेनापतीपद काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, परत दिलं आणि घरी गेले. युद्ध ही रोगराई पृथ्वीवरून नाहीशी व्हावी, असं त्यांनी १७८५ मध्ये लिहिलं. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन लढत होते तेव्हा टीका सोसून त्यांनी देशाला तटस्थ ठेवलं. सत्ता आणि युद्ध, दोन्हींबाबत ते बोलले तसे वागले. गुलामगिरी कायद्याने बंद व्हावी, हेही त्यांनी १७८६ मध्ये पत्रात लिहिलं होतं. पण तिथे वागणं वेगळं.

ओना जज ही वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांची गुलाम दासी, जेमतेम विशीतली. मार्थाबाई आपल्याला नातीला देऊन टाकणार, हे तिला कळलं. मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या घरात व्हर्जिनियाला, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या मूळ गावी, जायची बांधाबांध चालली होती. ओनाही सामान बांधत होती, पण वेगळ्याच वाटेसाठी. मंडळी जेवायला बसली आणि ती घराबाहेर पडली. जहाजाने थेट न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला पोचली. वर्तमानपत्रात जाहिरात आली: दहा डॉलर बक्षीस. वर असंही छापलं, की तिने पळून जावं असं काही कारणच नव्हतं. मला हे वाक्य वाचून संताप येतो. जन्मभर दुसऱ्याच्या मालकीचं असणं, हे कारण नव्हे?

पोर्ट्समथचे जकात अधिकारी जोसेफ व्हिपल यांना ओनाने सांगितलं, की मालक-मालकिणीच्या पश्चात मला मुक्त करण्याचं वचन मिळालं तर मी परत येते. वॉशिंग्टन यांनी साफ नाकारलं. पळून गेलेलीला आधी मोकळं केलं, तर इमानाने राहिलेल्यांवर अन्याय होईल, असं त्यांचं म्हणणं. मला हा युक्तिवाद पटत नाही. एकीला नाकारायला त्यांनी बाकीच्यांचं इमान पुढे केलं.

१७९९ च्या मृत्युपत्रात मात्र त्यांनी आपल्या मालकीच्या १२३ जणांची मुक्तता लिहून ठेवली. हे मोठंच पाऊल होतं. पण मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले १५३ जण त्यात नव्हते. कायद्याने त्यांच्यावर वारसांचा हक्क होता, आणि ते नातवंडांत वाटले गेले. ओनाही त्याच इस्टेटीतली. म्हणजे ती परत गेली असती, तरी या मृत्युपत्राने तिची सुटका झाली नसती.