कर्ज फेडायला जमीन

(दृश्य: उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली ॲपलाचियन डोंगररांग, पहाटेचं धुकं)

ऑक्टोबर 1763. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज एक जाहीरनामा काढतो: या डोंगरांच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी जमिनी घ्यायच्या नाहीत. फ्रान्सशी झालेल्या युद्धाने तिजोरी रिती झाली होती. पाँटियाकच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवासी इंग्रजांच्या गढ्यांवर तुटून पडले होते. आणखी एक लढाई ब्रिटनला परवडणारी नव्हती.

ही बंदी फारशी कुणी पाळली नाही. तंबाखूने व्हर्जिनियातल्या जमिनींचा कस ओढून घेतला होता. घरात पाच-सहा मुलगे असले की वाटणीला येणारा तुकडा पोट भरेल एवढाही उरत नसे. आणि बड्या मंडळींना पश्चिमेकडच्या जमिनीत नफा दिसत होता. जॉर्ज वॉशिंग्टनही त्यांतलेच. ही बंदी तात्पुरती आहे, असं 1767 मध्ये एका पत्रात लिहून त्यांनी आपल्यासाठी चांगल्या जमिनी हेरून ठेवायला सांगितलं होतं.

1775 मध्ये डॅनियल बून या शिकारी-वाटाड्याने याच डोंगरांतल्या कंबरलँड खिंडीतून केंटकीकडे वाट पाडली. त्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्ध पेटलं.

(दृश्य: 1783 च्या तहाचा नकाशा)

युद्ध जिंकलं. पॅरिसच्या तहात ब्रिटनने मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. शॉनी, मायामी, डेलावेअर, वायंडॉट या लोकांची शेतं आणि गावं त्या मुलखात होती. तहाच्या बैठकीत त्यांच्यापैकी कुणीही नव्हतं.

पश्चिमेकडे सरकण्याचं कारण विचारलं की साहस, मोकळं रान, स्वातंत्र्याची ओढ अशी उत्तरं मिळतात. ती खोटी नाहीत. पण नव्या देशाचे हिशेब बघितले तर सगळ्यात मोठं कारण तिथे सापडतं. युद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचे पगार थकलेले, आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर बसवण्याचा अधिकारच नाही. विकण्याजोगी एकच गोष्ट हाताशी होती: कागदावर मिळालेली जमीन.

(दृश्य: ओहायो नदीचा उत्तर काठ, लोखंडी साखळी, कड्यांचा आवाज)

30 सप्टेंबर 1785. पेन्सिल्व्हेनियाची हद्द ओहायो नदीला जिथे भिडते, तिथे सरकारी मोजणी अधिकारी थॉमस हचिन्स मोजणी सुरू करतात. साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची. एक माणूस पुढचं टोक धरून झाडीत शिरतो, दुसरा मागचं टोक धरून उभा राहतो. साखळी ताणायची, खूण करायची, पुन्हा पुढे. 80 साखळ्या झाल्या की एक मैल. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही हे माप परकं नाही: अर्ध्या साखळीचा चौरस म्हणजे 33 बाय 33 फूट, म्हणजेच एक गुंठा.

1785 च्या जमीन कायद्याने ठरवलेलं माप असं: सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन. त्याचे 36 भाग, प्रत्येक 640 एकरांचा. सोळावा भाग शाळेसाठी राखलेला. बाकीचे बहुतेक भाग विकायचे, एकरी किमान एक डॉलर. नदी, टेकडी, कुणाचं मक्याचं शेत, रेषा सगळ्यावरून सरळ जाणार. जमीन न बघताही विकता येईल, अशी ही सोय होती.

हचिन्सची तुकडी जेमतेम चार मैल गेली आणि हल्ल्याच्या बातमीने थबकली.

किमान एक पूर्ण भाग घ्यावा लागे. एकदम 640 डॉलर साध्या शेतकऱ्याकडे कुठून असणार? फायदा झाला तो कंपन्यांचा. ओहायो कंपनीने 1787 मध्ये 15 लाख एकरांचा सौदा केला, तोही भाव पडलेल्या सरकारी रोख्यांत.

(दृश्य: वॉबॅश नदी, हिवाळा)

मूळ रहिवासी गप्प बसले नाहीत. 4 नोव्हेंबर 1791 रोजी मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांनी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला. सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. मूळ रहिवाशांकडून एवढा मोठा पराभव अमेरिकन लष्कराने पुन्हा कधी पाहिला नाही. पण 1794 मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत बाजी उलटली, आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला.

दक्षिणेत वेगळं इंजिन होतं: कापूस. 1793 मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं आणि अलाबामा, मिसिसिपीच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. तिथे राबायला गुलाम केलेल्या लाखो माणसांना व्हर्जिनिया-मेरीलँडहून, घरच्यांपासून तोडून नेलं गेलं. पश्चिमेला गेलेल्या लोकांची गोष्ट सांगताना यांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

1803 मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुईझियाना, म्हणजे मिसिसिपीच्या पश्चिमेचा प्रचंड मुलूख, विकत घेतला, तेव्हा अमेरिकेला मुळात हवं होतं न्यू ऑर्लिन्सचं बंदर. ओहायो खोऱ्यातला गहू आणि डुकराचं मांस मिसिसिपी नदीने याच बंदरातून बाजारात जायचं. हैती या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांच्या उठावाने नेपोलियनचे अमेरिकेतले बेत धुळीला मिळाले नसते, तर तो सौदा झालाच नसता.

त्याच वर्षी ओहायो राज्य झालं. 1800 मध्ये तिथे जेमतेम 45 हजार लोकांची नोंद होती. 1820 मध्ये 5 लाख 81 हजार. त्याच 1820 मध्ये जमीनविक्रीचा कायदा बदलला: किमान 80 एकर, एकरी सव्वा डॉलर, पण रोख. म्हणजे 100 डॉलर गाठीशी असलेला शेतकरीही आता खरेदीदार झाला. ओहायोत उरलेले वायंडॉट लोक 1843 मध्ये कॅन्ससच्या दिशेने निघाले. ओहायोत स्वतःच्या मालकीची जमीन राखून असलेला तो शेवटचा समाज होता.