नाटकातले नाना, मेणवलीचे नाना

नमस्कार श्रोतेहो.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. नाना जन्माने आपल्या साताऱ्याचे, १७४२ सालचे. वाडा बघायला आलेला पाहुणा हमखास विचारतो, "नाटकातले नाना ते हेच का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असं तेंडुलकरांनी बजावलं होतं. तरी ब्राह्मणांची आणि नानांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं. १९८० साली ते युरोपला निघालं, तेव्हा पुन्हा तेच.

घाशीराम हा खराच पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये तैलंगी ब्राह्मण कोंडले गेले, त्यातले कितीतरी गुदमरून मेले. शहर खवळलं आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. हे नाटकात आहेच. पण पोटची गौरी नानांना देऊन त्याने कोतवाली मिळवली, ही रचना तेंडुलकरांची. माणूस इतका क्रूर का झाला याचं कारण कागदात नसलं तरी चालतं, रंगमंचावर ते लागतंच. आणि एकदा डोळ्यांनी पाहिलेलं कारण पुसता येत नाही.

मग रंगमंचावर रांगेत उभ्या बारा ब्राह्मणांची ती गाणारी, डोलणारी भिंत! तिला तोड नाही. पण तिच्याआड पुण्यातले तांबट, साळी, बागवान, पागेतले शिपाई दिसेनासे होतात. एका जातीची रांग म्हणजे अख्खं शहर, असं मनात बसतं. याचं मला वाईट वाटतं. नाटक बंद पाडावं असं मात्र कधीच वाटलं नाही. सत्ता माणसाला कशी वापरते आणि काम झालं की कशी जमावापुढे टाकते, हे मी त्याच नाटकातून शिकलो.

मेणवलीच्या घाटावर, देवळाशेजारी, एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चची ही घंटा. आपल्याकडे ती विजयाची खूण म्हणून दाखवतात. वसईच्या ख्रिस्ती माणसाला तिच्यापुढे काय वाटत असेल?

पाहुण्याने नानांबद्दल विचारलं, की मी त्याला आधी या घंटेपाशी नेतो.