बर्फाखालची मोजणी

श्रोतेहो, नमस्कार.

अलास्काच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठी, उत्किआग्विक नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. २०१६ पर्यंत त्याचे अधिकृत नाव बॅरो होते. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता या गावाला नाही, आणि नोव्हेंबरात मावळलेला सूर्य तेथे जवळजवळ पासष्ट दिवसांनी, जानेवारी सरता सरता, पुन्हा उगवतो. या गावात नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक शासनाचा वन्यजीव व्यवस्थापन विभाग आहे. इथले मूळ रहिवासी इनुपियाट लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या प्राण्यांवर जगत आले ते प्राणी किती आहेत हे मोजणे, आणि त्यांतले किती घेतले तरी चालतील हे ठरवायला मदत करणे, हे तिथल्या जीवशास्त्रज्ञांचे मुख्य काम. रेनडिअरचे रानटी भाऊबंद आणि पांढरी अस्वले यांचे कामही त्यांच्याकडेच असते; पण आज मी बोहेड या एकाच देवमाशाविषयी बोलणार आहे, कारण त्याची गोष्ट सांगण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

बोहेडचे डोके शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश असते आणि कातडीखालची चरबी अर्ध्या मीटरपर्यंत जाड असू शकते. त्याच्या पाठीवर पर नसतो. पाठीवर पर नसतो, हे कृपया लक्षात ठेवावे. दर वसंतात हे देवमासे बेरिंग समुद्रातून निघून उत्किआग्विकवरून पुढे ब्यूफोर्ट समुद्राकडे जातात. किनाऱ्याला धरून गोठलेला बर्फ आणि पलीकडे वाहता बर्फ यांच्यामध्ये उघड्या पाण्याची एक चीर पडते, ती त्यांची वाट. मोजणारे त्या चिरेच्या काठी, बर्फाच्या उंच ढिगाऱ्यावर पाळीपाळीने बसतात आणि श्वास घ्यायला वर आलेल्या पाठी मोजतात. अस्वल येत नाही ना, याकडेही कोणाला तरी लक्ष ठेवावे लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे ज्यांनी मोजली आहेत, त्यांना यातली अडचण सांगायला नको. जे आले तेच दिसले, आणि जे दिसले तेच वहीत उतरले.

आता ती गोष्ट. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगापुढे जे अंदाज होते, त्यांनुसार या भागातले बोहेड दोन हजारांहूनही कमी उरले होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या जहाजांनी त्यांची जी कत्तल केली होती, ती पाहता हा आकडा कोणालाही पटण्यासारखा होता. आयोगाने इनुपियाटांच्या शिकारीवर बंदी घातली. गावोगावचे शिकारी नाविक खवळले. त्यांनी त्याच वर्षी आपला स्वतःचा व्हेल आयोग स्थापन केला आणि निक्षून सांगितले की तुमची मोजणी चुकीची आहे, देवमासे कितीतरी अधिक आहेत. अखेर १९७८ साठी बारा देवमासे किनाऱ्याला आणण्याची मुभा मिळाली, पण आकड्याचा वाद तसाच राहिला. तेव्हा त्या गावात थॉमस अल्बर्ट हे पशुवैद्यक संशोधन करीत होते. हॅरी ब्रॉवर या जाणत्या शिकारी कप्तानाने त्यांना समजावून सांगितले की देवमासे केवळ चिरेतूनच जातात असे नाही. चीर मिटली तरी ते थांबत नाहीत, दूरवरच्या बर्फाखालून जातात, आणि श्वास घ्यायचा झाला की डोक्याने बर्फ उचलून फोडतात. पाठीवर पर नसणे यासाठीच सोयीचे. काठावर बसलेल्या माणसाला यातले काहीही दिसणार नव्हते.

अल्बर्टांनी हे म्हणणे दंतकथा म्हणून झटकून टाकले नाही, ते तपासण्याजोगे विधान मानले. पुढे बर्फाच्या कडेने पाण्यात ध्वनिग्राहक सोडण्यात आले. एकच हाक निरनिराळ्या ग्राहकांवर किती अंतराने पोहोचते, यावरून देवमाशाची जागा काढता येते. डोळ्यांना रिकामा दिसणारा समुद्र आवाजांनी भरलेला निघाला. चीर मिटलेली असतानाही देवमासे बोलत बोलत पुढे जात होते. (रेडिओवर आयुष्य काढलेल्या माणसाला कान डोळ्यांना वरचढ ठरल्याचा आनंद होतो, तो मी लपवीत नाही. हल्ली ज्याचे चित्र नाही ते घडलेच नाही असे मानण्याची जी खोड लागली आहे, तिच्याविषयी मी पुन्हा कधीतरी बोलेन.) नव्या पद्धतीने आकडा वाढत गेला, आणि २०११ च्या मोजणीतून निघालेला अंदाज १६,८९२ होता. ही सगळी वाढ बर्फाखालून निघाली असे मात्र समजू नये. मधल्या काळात देवमासे खरोखरच वाढलेही होते.

शिकार किनाऱ्याला लागली की मोजमापे घेणे आणि नमुने काढणे हेही जीवशास्त्रज्ञांचेच काम असते. २००७ साली अशाच एका बोहेडच्या हाडात, मानेजवळ, स्फोटक भाल्याचा एक तुकडा रुतलेला सापडला. त्या भाल्याचे पेटंट १८७९ सालचे होते. त्यावरून त्या देवमाशाचे वय ११५ ते १३० वर्षे ठरवण्यात आले. म्हणजे १९७७ साली, उरलेल्या बोहेडांच्या आकड्यावरून जगभर वाद चालू असताना, तो नव्वदीच्या आसपास होता आणि नेहमीप्रमाणे उत्तरेकडे निघाला असणार, चिरेतून किंवा बर्फाखालून.

नमस्कार.