वाटीतलं पाणी आणि आठ मिलिमीटरची घरं

[दृश्य: टेबलावर प्लास्टिकच्या पट्ट्यांची चारचाकी. तिच्या पाठीवर पाण्याने भरलेली छोटी वाटी. समोर, फक्त डाव्या चाकाच्या वाटेत, एकावर एक चिकटवलेल्या फूटपट्ट्यांचा उंचवटा.]

गाडी हळूच ढकलते. बघा.

पाणी सांडलं. उंचवटा एका चाकाखाली होता, पण हादरा सगळ्या गाडीला बसला. सांगाडा ताठ आहे. एक कोपरा उचलला गेला की चारपैकी एक चाक हवेत लटकतं आणि उरलेल्या तिघांवर गाडी डुगडुगते. आज या टेबलावर त्या वाटीतलं पाणी वाचवायचं आहे. हाताशी आहेत लेगो टेक्निकचे तुकडे, म्हणजे भोकांच्या पट्ट्या, पिना, अधिकच्या चिन्हासारखा छेद असलेले एक्सल आणि गिअर. एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर 8 मिलिमीटर. त्याला आपण एक घर म्हणू. साडेतीन घरांची पट्टी मिळत नाही आणि हवी तिथे भोकं पाडायची नाहीत. जे बसवायचं ते याच घरांत.

[दृश्य: हातात शॉकअपचा तुकडा, बोटांनी दाबून सोडलेला.]

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट शॉकअप म्हणतात, त्याचं हे छोटं रूप. दोन टोकांना भोकं, मध्ये पोलादी स्प्रिंग, लांबी साडेसहा घरं. पिवळी स्प्रिंग कडक, राखाडी मऊ. पहिल्यांदा बांधणारा प्रत्येक जण जे करतो तेच मीही केलं होतं. चार कोपऱ्यांना चार शॉकअप लावले आणि चाकं थेट त्यांच्या टोकांना अडकवली. गाडी खाली ठेवली, तर नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे चारही पाय फाकले.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे. चाक सहा प्रकारे हलू शकतं. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकणं हे तीन, आणि या तिन्ही दिशांच्या अक्षांभोवती कलणं-वळणं-फिरणं हे आणखी तीन. चाक स्वतःच्या एक्सलवर फिरतं ते वेगळं. मी बोलते आहे ते चाक ज्याला जोडलेलं असतं त्या धारकाबद्दल. त्याला या सहांपैकी एकच मोकळीक हवी, वर-खाली जाण्याची. बाकीच्या पाच वाटा बंद करायच्या. स्प्रिंग त्यांतली एकही बंद करत नाही, ते काम दांड्यांचं. म्हणून सस्पेन्शन, म्हणजे चाकांना उसळू देणारी ही सगळी जोडणी, बांधताना माझा वेळ स्प्रिंगवर फार जात नाही. चाकाने कुठे जायचं नाही, हे ठरवण्यातच तो जातो.

[दृश्य: एका दांडीचं चाक वर-खाली होताना, समोरून.]

आधी एकच दांडी लावली. चाक वर गेलं, पण दांडीचं टोक वर्तुळात फिरतं, म्हणून चाकही कललं. जुन्या फोक्सवॅगन बीटलची मागची चाकं अशीच होती. उडी मारली की पाय आत मुडपल्यासारखी दिसायची. आता तिच्या वर, दोन घरं सोडून, तेवढ्याच लांबीची दुसरी दांडी. झाला समांतरभुज चौकोन. चाक वर जातं, खाली येतं आणि उभंच राहतं. हे पहिल्यांदा स्वतःच्या बोटांनी हलवून पाहिलं, तेव्हा शाळेतली भूमिती मला खऱ्या अर्थाने हातात आल्यासारखी वाटली.

आता पिना. काळ्या पिनेच्या अंगावर बारीक उंचवटे असतात. ती भोकात घट्ट बसते आणि फिरताना अडते. राखाडी पिन गुळगुळीत, मोकळी फिरते. दांड्यांच्या सांध्यांत काळ्या पिना घातल्या तर चाक वर गेलेलं वरच राहतं आणि स्प्रिंग बिचारी ताणून ताणून दमते. चारही चाकांच्या पिना बदलल्या. गाडी लगेच जिवंत झाली, पण जरा जास्तच! उंचवटा पार झाला तरी ती डुलत राहिली आणि पाणी डुलण्याने सांडलं.

खऱ्या शॉकअपमध्ये तेल असतं. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा ते तेल उष्णतेत जिरवतं. आपल्या तुकड्यात तेल नाही. म्हणून प्रत्येक चाकाच्या एकाच सांध्यात काळी पिन परत घातली. डुलणं दोन हेलकाव्यांत थांबलं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळातही तेलाऐवजी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्याच हे काम करायच्या. आपली काळी पिन त्यांचीच धाकटी बहीण.

[दृश्य: शॉकअपचं खालचं टोक दांडीवर एकेक भोक सरकवलं जातं.]

स्प्रिंग किती कडक हवी? इथे तुकडा न बदलता उत्तर मिळतं. शॉकअप दांडीच्या टोकाऐवजी बरोबर मध्यावर जोडला, तर चाकाला जाणवणारा कडकपणा निम्मा होईल असं वाटतं. होतो पाव. कारण चाकापर्यंत निम्मंच बळ पोचतं, आणि स्प्रिंग जेवढी दबते त्याच्या दुप्पट चाक सरकतं. एकाच तरफेने दोनदा भागलं. म्हणून एक भोक इकडे-तिकडे केलं तरी गाडीचा स्वभाव बदलतो. माझा अंदाज असा, की गाडी नुसती उभी असताना स्प्रिंगने आपल्या दबण्याच्या वाटेचा साधारण तिसरा हिस्सा खाल्लेला असावा. तेवढी शिल्लक नसेल तर चाक खड्ड्यात उतरणार कसं?

वाटी पुन्हा ठेवली. काठावरून दोन थेंब गेले, तेवढेच.

[दृश्य: बिलुंड गावाचा नकाशा, मग जुन्या संचांची रेखाटनं.]

लेगोची सुरुवात 1932 मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या एका सुताराने, ओले कर्क क्रिस्टियन्सन यांनी, लाकडी खेळण्यांपासून केली. गिअर-एक्सलची तांत्रिक मालिका 1977 मध्ये आली. त्या वर्षीच्या 853 क्रमांकाच्या चासीत स्टिअरिंग होतं, गिअरबॉक्स होता, हलणारे पिस्टन होते, पण सस्पेन्शन नव्हतं. 1980 च्या 8860 मध्ये मागच्या चाकांना ते मिळालं, जोडीला डिफ्रन्शियलही, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. पुढची चाकं नुसती उचलायची नसतात, वळवायचीही असतात, म्हणून तिथला प्रश्न जास्त अवघड. 1988 च्या 8865 ने तो सोडवला. आणि 1994 ची 8880! चारही चाकांना इंजिनची ओढ, चारही चाकं वळणारी, चारही स्वतंत्रपणे उसळणारी. बांधणाऱ्यांमध्ये त्या गाडीचं नाव आजही आदराने निघतं, आणि ते योग्यच आहे.

ते इतकं अवघड का, हे आपल्याच गाडीवर दिसेल. पुढच्या चाकाला टायरॉड जोडला, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारी दांडी. चाक उंचवट्यावर चढलं आणि आपोआप डावीकडे वळलं. स्टिअरिंगला कोणी हात लावला नव्हता. टायरॉड दांड्यांपेक्षा एक घर आखूड होता, म्हणून त्याचं टोक वेगळ्या वर्तुळात फिरलं आणि त्याने चाकाला ओढलं. टायरॉड दांड्यांइतकाच लांब आणि त्यांना समांतर केला, आणि चाक सरळ राहिलं.

मग चाकं फिरवणारी मोटार. फिरता एक्सल चाकापर्यंत न्यायचा, तोही चाकाबरोबर वर-खाली होणारा. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणं पुढे नेणारा सांधा, लागतो, आणि तो दांडीच्या बिजागरीच्या अगदी रेषेत हवा. एक घर सरकला तर चाक उसळताना एक्सलची लांबी कमी-जास्त व्हायला लागते आणि तो जॉइंटमधून निसटतो. माझा कितीदा निसटला ते मोजलेलं नाही.

[दृश्य: एकसंध मागचा एक्सल, एक बाजू उचललेली.]

मालट्रकसारखा एकसंध एक्सलही करता येतो. ट्रकला तो स्प्रिंगच्या पाट्यांवर पेललेला असतो, इथे चार दांड्यांनी धरायचा. गाडी जड असली की हा जास्त टिकतो. पण मोटारीकडून येणाऱ्या लांब शाफ्टने जोर लावला की तो जोर एक्सललाच पिळतो, एक चाक दबतं आणि दुसरं हलकं होतं. यावर उपाय म्हणजे वेग कमी करणारे गिअर अगदी चाकाजवळ ठेवायचे, म्हणजे शाफ्टला पीळ कमी बसतो. खऱ्या उनिमॉग ट्रकमध्ये चाकाजवळ असे गिअर असतात आणि एक्सल चाकाच्या मध्याच्याही वर उचललेला असतो. 2011 च्या लेगो उनिमॉगमध्ये, 2048 तुकड्यांच्या त्या संचात, ही रचना खास तुकड्यांनी आली.

आता फूटपट्ट्या बाजूला. टेबलावर लाटणं ठेवते, चिकटपट्टीने पक्कं.

[दृश्य: सहा चाकांची नवी गाडी. कुठेही स्प्रिंग नाही.]

ही रचना रॉकर-बोगी. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत डोनाल्ड बिकलर यांनी 1988 मध्ये ती आखली आणि 1997 मध्ये सोजर्नर ही छोटी गाडी तिच्यावर मंगळावर फिरली. आपलं प्रज्ञानही सहा चाकांवर, याच रचनेवर, 2023 च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या मातीत उतरलं. 26 किलोच्या त्या गाडीने तिथे शंभर मीटरहून अधिक अंतर कापलं. सावकाश जाणाऱ्या गाडीला स्प्रिंगची अडचण होते. वर गेलेल्या चाकावर जास्त भार येतो आणि खाली उतरलेल्यावर कमी, म्हणून पकड सुटते. इथे नुसत्या बिजागऱ्या आहेत, आणि त्या सहाही चाकं जमिनीवर टेकवून ठेवतात.

डाव्या आणि उजव्या बाजूंना जोडायला मध्ये काय घातलंय ते जवळून पाहा. तेच, मोटारगाडीचं डिफ्रन्शियल. कवच धडाला घट्ट बांधलं आहे आणि दोन्ही बाजूंचे एक्सल दोन्हीकडच्या दांड्यांना. एक बाजू 20 अंश वर उचलली तर धड 10 अंशच कलतं.

वाटी ठेवली. डावं पुढचं चाक लाटण्यावर चढतंय. मधलं मागोमाग. पाणी एका काठाकडे सरकलं, काठाशी आलं, तिथेच थरथरतंय. तिसरं चाक चढलं. पहिलं पलीकडे उतरलं.

टेबल कोरडं आहे.